स्वमग्न मूल आणि शाळेची निवड

आज मी ज्या विषयावर आपल्याशीं बोलणार आहे, तो मोठ्या सभांतून किंवा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर सहसा येत नाहीं. तो येतो मे महिन्याच्या अखेरीस, शाळा उघडण्याच्या सुमारास, एखाद्या घराच्या माजघरांत. आणि तेथें आईबापांची व आजाआजींची रात्रीची झोंप उडवितो. ज्या मुलाला आपण स्वमग्न म्हणतों, ज्याच्या स्थितीला ऑटिझम असें नांव आहे, त्याला शेजारच्या चार मुलांबरोबर सर्वसाधारण शाळेंत घालावें, कीं अशा मुलांसाठीं निराळी काढलेली जी विशेष शाळा असते तेथें पाठवावें, हा तो प्रश्न होय.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर तो फारच थोडा आहे हें प्रथमच कबूल करतों. मी वैद्य नाहीं, मानसशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा केला आणि सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं, एवढीच माझी पुंजी. परंतु दोन कारणांमुळें हा विषय मला टाळतां येत नाहीं. एक तर या बाबतींत माझ्या हातून एक अन्याय घडलेला आहे. आणि दुसरें असें कीं, माझा सहा वर्षांचा नातू स्वमग्न आहे व त्याच्या शाळेचा निर्णय आम्हां घरच्या माणसांना नुकताच करावा लागला. तेव्हां पहिल्या गोष्टीपासूनच सुरुवात करतों.

इ. स. १९८९ च्या सुमारास एका तालुक्याच्या गांवीं मी तिसरीच्या वर्गावर होतों. वर्गांत बावन्न मुलें होतीं. त्यांत एक मुलगा असा होता कीं, त्याला 'तुझें नांव काय?' असें विचारलें तर तो नांव न सांगतां 'तुझें नांव काय?' हेच शब्द मला परत म्हणून दाखवी. भिंतीजवळची एक ठराविक जागा त्याची असे. ती दुसऱ्या कोणीं घेतली कीं तो कासावीस होई. शाळेची घंटा वाजली म्हणजे दोन्ही कानांवर हात दाबून तो कोपऱ्यांत जाऊन उभा राही. मात्र एस. टी. स्थानकावर लावलेलें गाड्यांचें वेळापत्रक त्याला सबंध पाठ होतें. कोणती गाडी किती वाजतां सुटते, कोणत्या गांवाला किती वाजतां पोंचते, हें तो न अडखळतां सांगे. आणि कोणीं न विचारतांही सांगे, अगदीं कवितेच्या तासालासुद्धां.

एकदां तपासणीसाठीं वरिष्ठ अधिकारी येणार होते. वर्ग नीटनेटका दिसावा म्हणून मीं मुलांच्या जागा उंचीप्रमाणें बदलल्या, आणि त्या मुलाला उचलून दुसऱ्या रांगेंत बसविलें. अधिकारी दारांत आले आणि त्यानें जी किंकाळी फोडली ती आजही माझ्या कानांत आहे. मीं सर्वांसमक्ष त्याला दोन छड्या मारल्या. संध्याकाळीं त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलें, "हा मुलगा शाळेचा नव्हे. याला घरीं ठेवा, नाहीं तर मुंबई-पुण्याकडे अशा मुलांच्या शाळा असतात, तिकडे घाला." ते गृहस्थ बाजारांत हमाली करीत. त्यांनीं हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं." दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेंत आला नाहीं. मुंबई-पुणें त्या माणसाच्या आवांक्याबाहेरचें आहे हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर, वर्ग शांत झाला याचें मला समाधानच वाटलें.

त्या मुलाच्या वागण्याला काय म्हणतात हें मला पुढें जवळजवळ वीस वर्षांनीं, शिक्षकांच्या एका प्रशिक्षण-वर्गांत समजलें. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत काम करणारे डॉ. लिओ कॅनर यांनीं आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. हीं मुलें माणसांपेक्षां वस्तूंत अधिक रमत, ऐकलेलें बोलणें जसेंच्या तसें परत म्हणत, आणि नेहमींच्या क्रमांत तिळभर बदल झाला तरी त्यांना तो सहन होत नसे. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें डॉ. हान्स आस्पर्गर यांनींही अशाच प्रकारच्या मुलांचें वर्णन केलें. आईच्या मायेंत ओलावा नसल्यामुळें मूल असें होतें, असा एक निष्ठुर समज मध्यंतरीं पश्चिमेकडे पसरला होता. परंतु १९७७ सालीं जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून या स्थितीचें मूळ आनुवंशिक घडणींत आहे असें दिसून आलें आणि तो समज मागें पडला. आपल्याकडे अजूनही एखादी सासू सुनेला बोल लावतांना आढळते, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. पुढें १९७९ सालीं डॉ. लॉर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनीं लंडनच्या एका भागांतील मुलांची पाहणी केली. तीवरून असें ध्यानांत आलें कीं, ही एकाच ठशाची स्थिति नसून तिच्या पुष्कळ छटा आहेत. कोणी मुळींच बोलत नाहीं, कोणी अखंड बोलतो. कोणाला बुद्धीची मोठी उणीव असते, तर कोणी गणितांत वर्गाच्या पुढें असतो. आपला आजचा प्रश्न अवघड होतो तो यामुळेंच. सर्व स्वमग्न मुलांना लागू पडेल असें एकच उत्तर त्याला नाहीं.

आतां कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतील पहिल्या मुलाची गोष्ट सांगतों. कारण माझ्या मतें शाळेच्या निवडीचें मर्म तींत आलें आहे. मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवचा हा मुलगा. त्याचें नांव डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म १९३३ चा. तो तीन वर्षांचा असतांना त्याला घरापासून दूर एका संस्थेंत ठेवण्यांत आलें होतें. परंतु सुमारें वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत घरीं आणलें. पुढें १९४२ सालीं त्यांनीं त्याला गांवापासून सुमारें दहा मैलांवर शेती करणाऱ्या एका दांपत्याकडे ठेवलें. या मुलाला मोजमाप करण्याचा एकच ध्यास होता. त्या शेतकऱ्यानें तो ध्यास मोडून काढण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यानें मुलाला विहीर खणावयास लावलें आणि ती किती खोल गेली हें मोजून सांगावयास लावलें. मुलगा मक्याच्या ओळी पुन्हां पुन्हां मोजीत बसे. शेतकरी म्हणाला, मोजावयाच्याच आहेत तर नांगर धरून मोज. १९४५ सालीं स्वतः कॅनर तेथें गेले तेव्हां हा मुलगा घोडा जुंपून नांगराचे लांबलचक तास धरीत होता आणि टोंकाला घोडा सफाईनें वळवीत होता. जवळच्या खेड्यांतील साध्या शाळेंत तो जाई. तेथें त्याच्या विचित्र संवयी सर्वांनीं मान्य केल्या होत्या आणि अभ्यासांतही त्याची प्रगति होत होती. पुढें तो आपल्या गांवच्या हायस्कुलांत शिकला, १९५८ सालीं पदवीधर झाला, बँकेंत नोकरी करूं लागला, मोटार चालवूं लागला, आणि २०२३ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं वारला. त्याचें घर सधन होतें आणि बँकही त्याच्या मातुल घराण्याची होती, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्याच अकरांपैकीं जीं मुलें लहानपणींच सरकारी रुग्णालयांत ठेवलीं गेलीं, त्यांची कॅनर यांनीं १९७१ सालीं पुन्हां चौकशी केली, तेव्हां त्यांच्या अंगीं मूळचें जें थोडेंफार तेज होतें तेंही मावळलेलें त्यांना आढळलें.

श्रोतेहो, त्या शेतकऱ्यानें जें शिक्षण दिलें त्याला विशेष शिक्षण म्हणावें कीं सर्वसाधारण? एका दृष्टीनें तें पूर्णपणें विशेष होतें. कारण तें त्या एका मुलाचें मन पाहून योजिलेलें होतें. दुसऱ्या दृष्टीनें तें अगदीं साधें होतें. कारण गांवांतील इतर माणसें करीत तेंच काम तो मुलगा त्यांच्यामध्यें राहून करीत होता. ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां पुस्तक मिटून ठेवावें लागलें. मक्याच्या ओळींसारखें माझ्यापुढें एस. टी. चें वेळापत्रक होतें. दोन गाड्यांच्या वेळांतील अंतर काढ म्हटलें असतें तर वजाबाकी झाली असती. गांवांची यादी कर म्हटलें असतें तर शुद्धलेखन झालें असतें. नकाशांत ती वाट दाखीव म्हटलें असतें तर भूगोल झाला असता. मीं त्याच्याकडून तें वेळापत्रक फक्त बंद करविलें.

म्हणून माझें पहिलें सांगणें हें कीं, दारावरची पाटी पाहून शाळा निवडूं नये. सर्वसाधारण शाळा म्हणजे उदार आणि विशेष शाळा म्हणजे कोंडवाडा, किंवा उलट विशेष शाळा म्हणजे शास्त्रीय आणि सर्वसाधारण शाळा म्हणजे हेळसांड, अशीं दोन्ही मतें मोठ्या जोरानें मांडलीं जातात. अनुभव दोन्ही बाजूंनीं साक्ष देतो.

या वादाचा इतिहास थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांत १९७० सालच्या कायद्यापर्यंत कांहीं मुलें 'शिक्षणास अपात्र' ठरवून शिक्षणखात्याच्या बाहेरच ठेवलीं जात. तेथील पालकांनीं १९६२ सालीं संस्था स्थापन करून स्वमग्न मुलांसाठीं स्वतःच शाळा काढल्या, त्या हौस म्हणून नव्हे, तर दुसरें दार उघडें नव्हतें म्हणून. अमेरिकेंत १९७५ सालच्या कायद्यानें प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेंत शिक्षणाचा हक्क मिळाला आणि त्याला इतर मुलांपासून विनाकारण वेगळें काढूं नये असा दंडक ठरला. इंग्लंडांत मेरी वॉर्नक यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल १९७८ सालीं प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून सर्व मुलांना शक्य तों एकाच शाळेंत शिकविण्याच्या धोरणाला तेथें बळ आलें. परंतु याच विदुषीनें २००५ सालीं एक पुस्तिका लिहून आपल्या मताचा फेरविचार केला. मुलें एका छपराखालीं बसलीं म्हणजे तीं एकत्र शिकलीं असें होत नाहीं. कित्येक मुलांचा, आणि त्यांत स्वमग्न मुलांचा, मोठ्या शाळांत छळ होतो. त्यांच्यासाठीं लहान विशेष शाळा हव्यात, असा तिचा आशय होता. दुसऱ्या पक्षानें उत्तर दिलें कीं, दोष तत्त्वाचा नव्हे, शाळांना लागणारी माणसें व पैसा न देणाऱ्यांचा आहे. मला दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें वाटतें.

आपल्याकडे कायदा उशिरां जागा झाला. १९९५ सालच्या अपंग व्यक्तींच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांवच नव्हतें. तें १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत आलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना शाळेचा हक्क दिला, आणि मुलाला शारीरिक शिक्षा करणें निषिद्ध ठरविलें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें दिव्यांगतेचे जे एकवीस प्रकार मानले त्यांत स्वमग्नता स्पष्टपणें आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनें अशा मुलाला भेदभाव न करतां घ्यावें आणि त्याच्या गरजेप्रमाणें सोयी कराव्या, असें हा कायदा सांगतो. आणि पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें असें त्यांतील एक कलम आहे. ज्या मुलाच्या दिव्यांगतेचें प्रमाण शेंकडा ४० किंवा अधिक असल्याचा दाखला आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेंत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे कायद्यानें एक दार बंद करून दुसरें उघडलेलें नाहीं. दोन्ही दारें उघडीं ठेवून निवड मुलाच्या घराकडे सोंपविली आहे. 'हा मुलगा शाळेचा नव्हे' हें माझें वाक्य आज कोणी उच्चारील तर तो कायद्याच्या विरुद्ध बोलेल.

आतां व्यवहाराकडे वळूं. माझ्या मुलीनें गेल्या मे महिन्यांत मला विचारलें, "नाना, तुम्ही इतकीं वर्षें शाळेंत घालविलींत. तुम्हीच सांगा, याला कोठें घालूं?" मी म्हणालों, "सदतीस वर्षांत मीं एकाच शाळेची आंतली बाजू पाहिली. आपण दोघें जाऊन इतर शाळा पाहूं." आणि आम्ही पाहिल्या.

पहिली एक मोठी नांवाजलेली सर्वसाधारण शाळा. आमच्याकडे सर्व मुलांना समान संधि आहे, असें आम्हांला सांगण्यांत आलें. वर्गांत गेलों, तों स्वमग्न मूल अगदीं मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड केलेलें, आणि शेजारीं पालकांनीं पगार देऊन ठेवलेली एक मदतनीस बाई. शिक्षिका चाळीस मुलांना शिकवीत होत्या. त्या एका मुलाला ती बाई शिकवीत होती. मधल्या सुटींतही तीं दोघें व्हरांड्यांत एकटींच. मदतनीस वाईट नव्हे. पण ती मूल आणि वर्ग यांच्यामधला पूल होण्याऐवजीं भिंत झाली होती. एकाच वर्गांत एका मुलाची निराळी शाळा भरली होती, एवढेंच.

दुसरी एक विशेष शाळा. जागा स्वच्छ, बायका प्रेमळ, एका शिक्षिकेकडे सहा-सात मुलें. पण सहा वर्षांचें मूल मणी ओंवीत होतें आणि चौदा वर्षांचा मुलगाही मणीच ओंवीत होता. मीं विचारलें, "हा गेल्या वर्षीं काय करीत होता?" उत्तर मिळालें, "त्याला मणी फार आवडतात." सौम्यपणानें केलेली हेळसांड ही हेळसांडच असते. शिवाय बौद्धिक उणीव असलेल्या मुलांसाठीं काढलेल्या शाळेला स्वमग्न मुलाची कला अवगत असेलच असें नाहीं. पहिल्याला धडा सोपा करून द्यावा लागतो. दुसऱ्याला तो पुष्कळदां डोळ्यांनीं दिसेल असा करून द्यावा लागतो.

परंतु याच सुमारास दुसऱ्या एका विशेष शाळेंत एका अकरा वर्षांच्या मुलीची आई भेटली. ती मुलगी बोलत नाहीं. चार वर्षें ती सर्वसाधारण शाळेंत होती; दर वर्षीं वरच्या वर्गांत चढविली गेली, आणि चार वर्षांत तहान लागली हेंसुद्धां तिला कोणाला सांगतां येत नसे. तहान लागली म्हणजे ती स्वतःच्या हाताला चावे. या शाळेंत आल्यावर पांच महिन्यांत ती पाण्याच्या पेल्याचें चित्र उचलून शिक्षिकेच्या हातांत देऊं लागली. आई म्हणाली, "मास्तर, लोक म्हणतात मीं पोरीला वेगळी काढली. पण ती वेगळी तिथं होती, इथं नाहीं." या बाईला समावेशाचें तत्त्व समजावून सांगण्याचा अधिकार मला तरी नाहीं.

या सर्व भटकंतींतून कांहीं प्रश्न आमच्या हातीं लागले. ते येथें सांगतों. कोणाला उपयोगी पडले तर पडोत.

शाळेंत गेल्यावर प्रथम कान उघडे ठेवावे. घंटा, बाक सरकविण्याचा आवाज, एकदम पाढे म्हणणारीं मुलें, जेवणाच्या वेळचा गलका, हें सर्व आपल्याला गोड वाटतें. पण पुष्कळ स्वमग्न मुलांना तें शारीरिक वेदनेसारखें असतें. मूल बिथरलें तर त्याला दहा मिनिटें शांत बसण्यास जागा आहे काय, आणि तेथें जाणें ही शिक्षा समजली जाते कीं सोय, हें विचारावें. दुसरा प्रश्न दिवसाच्या क्रमाचा. आतां काय आणि यानंतर काय, हें मुलाला आधीं कळतें काय? अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत डॉ. एरिक शॉपलर यांनीं १९७२ पासून राज्यभर जी व्यवस्था उभी केली तिचा पाया हाच कीं, दिवसाचा क्रम चित्रांनीं मुलाच्या डोळ्यांपुढें मांडून ठेवावा. याला मोठा खर्च लागत नाहीं. एक दोरी, सात चित्रें आणि सात चिमटे पुरतात. मुलांच्या जागा बदलण्याच्या आदल्या दिवशीं मीं त्या मुलाला नवी जागा दाखविली असती, तर ती किंकाळी कदाचित् उठली नसती.

तिसरा प्रश्न प्रगतीचा. हें मूल गेल्या जूनमध्यें काय करूं शकत नव्हतें आणि आतां काय करूं शकतें? या प्रश्नाला नेमकें उत्तर देणारी शाळा, मग ती कोणत्याही प्रकारची असो, चांगली समजावी. चौथा प्रश्न मधल्या सुटीचा. वर्गांत शिक्षक असतात. चिडविणें, ढकलणें, डबा पळविणें हें सारें मैदानावर होतें. त्या वेळीं मुलाकडे कोणाचें लक्ष असतें? आणि पांचवा प्रश्न आपण विचारावयाचा नाहीं, तर शाळा तो आपल्याला विचारते काय हें पाहावयाचें. "तुमच्या मुलाला काय आवडतें? कशाची भीति वाटते? चिडण्यापूर्वीं तें काय करतें?" ज्या शाळेंत पहिल्या भेटींत दाखल्यांचीच चौकशी होते आणि मुलाची होत नाहीं, तेथून उठावें.

आणखी एक गोष्ट. ही निवड लग्नासारखी जन्माची नव्हे. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन विदुषीचें उदाहरण घ्या. तिचा जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. प्रथम ती एका लहान सर्वसाधारण शाळेंत गेली. तेथील शिक्षिका व तिची आई एकविचारानें वागत आणि तेथें तिचें बरें चाललें. पुढें मोठ्या शाळेंत मुली तिला चिडवूं लागल्या. तिनें चिडून एकीवर पुस्तक फेंकलें आणि शाळेनें तिला काढून टाकलें. मग अडचणींतल्या मुलांसाठीं असलेल्या एका वसतिशाळेंत ती गेली. तेथें तिला घोड्यांच्या तबेल्याचें काम मिळालें आणि विज्ञानाच्या एका शिक्षकानें तिच्या छंदालाच अभ्यासाचें वळण दिलें. १९८९ सालीं तिला जनावरांच्या शास्त्रांत डॉक्टरेट मिळाली, आणि पुढें कोलोरॅडो येथील विद्यापीठांत ती प्राध्यापक झाली. एकाच आयुष्यांत एक सर्वसाधारण शाळा उपकारक ठरली, दुसरी अपायकारक ठरली, आणि निराळ्या प्रकारच्या शाळेनें तिला सांवरलें. सर्वच स्वमग्न मुलें प्राध्यापक होतील अशी खोटी आशा कोणीं धरूं नये; परंतु दर वर्षीं एकदां बसून 'ही शाळा अजून याला योग्य आहे काय?' असें विचारणें प्रत्येक घराला शक्य आहे.

मात्र हें शक्य व्हावयाचें तर एका शाळेंतून दुसरींत जाण्याची वाट मोकळी हवी. आपल्या महाराष्ट्रांत सर्वसाधारण शाळा शिक्षणखात्याकडे आणि विशेष शाळा निराळ्या खात्याकडे, अशी विभागणी जुनीच आहे. डिसेंबर २०२२ मध्यें दिव्यांगांच्या कल्याणासाठीं स्वतंत्र विभाग स्थापन झाला हें चांगलेंच झालें. परंतु मूल एकच असतें. सकाळीं दोन तास विशेष शाळेंत आणि नंतर शेजारच्या शाळेंत, किंवा दोन वर्षें तेथें आणि मग येथें, अशी ये-जा ज्या दिवशीं सहज होईल, त्या दिवशीं आजच्या विषयावर भाषण करण्याची गरजही फारशी उरणार नाहीं. तोंपर्यंत खेड्यापाड्यांतल्या आईबापांपुढें निवड अशी नसतेच. जवळ जी एक शाळा आहे तीच त्यांची शाळा. त्या शाळेचा शिक्षक हाच त्यांचा विशेष शिक्षक. आणि म्हणून या विषयाचें ज्ञान त्याला सर्वांत अधिक हवें.

आमच्या नातवाचें काय झालें तें सांगून भाषण संपवितों. आम्ही त्याला घराजवळच्या एका लहान सरकारी शाळेंत घातलें. वर्गांत बावीस मुलें आहेत. इमारत जुनी आहे, आणि विशेष शिक्षिका आठवड्यांतून दोनच दिवस येतात. तरी ती शाळा आम्हीं पसंत केली याचें कारण एवढेंच कीं, पहिल्याच भेटींत तेथील वर्गशिक्षिकेनें माझ्या मुलीला विचारलें, "ताई, आमची घंटा फार मोठ्यानें वाजते. त्याला चालेल का? नाहीं तर घंटेच्या आधीं मी त्याला खूण करीत जाईन." ती आतां खरोखरच खूण करते, आणि तो घंटेपूर्वींच कान झांकून तयार उभा राहतो. त्याला पाहून वर्गांतील आणखी तीन-चार मुलेंही गंमतीनें कान झांकतात. तो त्यांच्याकडे पाहत नाहीं. पण तीं त्याच्या शेजारीं उभीं असतात. लेखन अजून येत नाहीं. दोन वर्षांनीं कदाचित् आम्हांला दुसरी शाळा पाहावी लागेल. त्या वेळीं पाहूं. तिची लाज वाटून घेणार नाहीं.

आणि तो जुना मुलगा? निवृत्त झाल्यावर एकदां मी त्या गांवीं गेलों होतों. एस. टी. स्थानकाच्या कट्ट्यावर चाळिशीच्या घरांतला एक माणूस बसलेला होता. मीं त्याला ओळखलें. त्यानें मला ओळखलें कीं नाहीं, कोण जाणे. मीं विचारलें, "माझी गाडी किती वाजतां आहे?" त्यानें माझ्याकडे न पाहतां वेळ सांगितली, फलाट सांगितला, आणि वाटेवरचीं सगळीं गांवें क्रमानें सांगितलीं. गाडी त्याच वेळीं आली. स्थानकावरचे लोक त्यालाच गाड्यांच्या वेळा विचारीत होते. त्यांतल्या कोणींही अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा केलेला नव्हता. जें मला साधलें नाहीं तें त्यांनीं न शिकतां केलें होतें. मात्र त्याला स्वतःचें नांव लिहितां येत नाहीं, असें चहावाल्यानें मला सांगितलें. तेवढी उणीव माझ्या नांवावर आहे.

आज माझें भाषण जे शिक्षक ऐकत असतील त्यांना एका म्हाताऱ्या मास्तराची इतकीच विनंति आहे. येत्या जूनमध्यें असें एखादें मूल आपल्या वर्गांत आलें, तर त्याच्या वडिलांना बोलावण्यापूर्वीं तें काय मोजतें, काय जपतें आणि कशाला भितें हें आठ दिवस पाहावें. त्यानंतरही तें मूल दुसऱ्या शाळेंत अधिक बरें शिकेल असें प्रामाणिकपणें वाटलें, तर अवश्य सांगावें; पण ती शाळा कोठें आहे, तेथें जावयाचें कसें आणि तेथें कोणाला भेटावयाचें, हेंही सांगावें, आणि शक्य असेल तर स्वतः बरोबर जावें.